दानियल मास्तरांची कादंबरी

दानियल मास्तर शाळेत गणित शिकवत आणि घरी कादंबरी लिहीत. पहिली गोष्ट सगळ्या रेवदंड्याला ठाऊक होती. दुसरी तर चौलापर्यंत पोचली होती. कादंबरी मात्र कोणी पाहिली नव्हती, कारण ती छापलेलीच नव्हती. "कादंबरीचं कुठवर आलं, मास्तर?" असं वाटेत कोणी विचारलं, की ते छत्री या हातातून त्या हातात घेत आणि म्हणत, "लिहिणं आपल्या हाती, छापणं पुण्याच्या. बघू, पुणं काय म्हणतंय."

मी रेवदंड्याच्या मराठी शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा विसाचं दशक निम्मं सरलं होतं. माझं गाव तळे, म्हणून मास्तर पहिल्या दिवसापासून मला तळेकर म्हणू लागले. माझं आडनाव वेगळं आहे हे मी त्यांना दोनतीनदा सांगितलं. "असेल," ते म्हणाले, "पण माणूस गावावरून कळतो. आडनावावरून नुसती जात कळते." त्यांचं स्वतःचं आडनाव चौलकर.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या किनाऱ्यावर ही मंडळी इतकी जुनी, की पूर्वजांचं गलबत फुटून आपण इथे लागलो एवढं ते सांगतात. केव्हा, ते कोणालाच सांगता येत नाही. घरात बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रू. पिढ्यान्‌पिढ्या धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा त्यांचा देवाचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनिवार-तेली म्हणायचं. मास्तरांच्या वडिलांपर्यंत घाणा होता. मास्तर मात्र शिकले आणि शिक्षक झाले. ते उंच होते, थोडे वाकलेले. पांढरा लांब कोट, काळी टोपी, आणि बोटांना कायम शाई. कच्चं लेखन मोडीत, पक्कं बाळबोधीत, असा त्यांचा शिरस्ता होता. वाचनालयात नवं पुस्तक आलं, की ते आधी शेवटचं पान उलटून छापखान्याचं नाव वाचत, मग पहिलं पान.

गणिताची उदाहरणं ते स्वतःची घालत. "आब्राजीच्या घाण्यावर रोज सहा शेर तेल निघतं, तर आठवड्याचं किती?" हा आब्राजी म्हणजे त्यांच्या कादंबरीतला म्हातारा. एकदा तपासणीला डेप्युटीसाहेब आले. त्यांनी फळ्यावरचं तेच उदाहरण एका मुलाला विचारलं. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, शनिवार धरायचा का?"

"म्हणजे?"

"आब्राजी शनिवारी घाणा जुंपत नाही."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. साहेब हेडमास्तरांकडे वळले. "कुठे राहतो हा आब्राजी?"

हेडमास्तर म्हणाले, "कादंबरीत, साहेब."

साहेबांनी जाताना शेरा लिहिला, की गणित चांगलं आहे, मात्र उदाहरणं पुस्तकातली घालावीत. मास्तरांनी तो शेरा वाचला आणि ते दिवसभर खुशीत होते. मला म्हणाले, "पुस्तकातलीच तर आहेत. फक्त पुस्तक व्हायचंय."

शाळा सुटली की ते चौलच्या रस्त्याने फिरायला जात. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामुळे भर उन्हातही सावली. या वाटेवर ते कादंबरीतली बोलणी मोठ्याने म्हणून बघत. म्हाताऱ्याचं बोलणं खर्जात, सुनेचं बारीक आवाजात. एक दिवस मी बरोबर होतो. मास्तर बारीक आवाजात ओरडले, "मी ह्या घरातून जाणार नाही, बाबा! घाणा मी चालवीन!"

वरून आवाज आला, "चालवा की मास्तर, कोन नको म्हनतोय!"

माडावर माडी काढायला चढलेला धर्मा भंडारी होता. तो सरसर खाली उतरला. "कोनासंगती बोलत व्हतात?"

"मिल्काशी," मास्तर म्हणाले. "आब्राजीची सून. तिचा नवरा पलटणीत गेलाय."

"परत येतो का?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "ते अजून तिलाही ठाऊक नाही."

धर्माने ही हकिगत घरी सांगितली असावी. कारण पुढे त्याची बायको चांगुणा बाजारात भेटली, की मास्तरांना विचारायची, "मिल्काचा घो आला का हो?" मास्तर नाही म्हणत. "अगो बाय," असं म्हणून ती हळहळायची आणि पुढे जायची.

कादंबरी मला त्यांनी तुकड्यातुकड्याने ऐकवली होती. गोष्ट साधी होती. चौलातला म्हातारा तेली आब्राजी, त्याचा एकुलता एक मुलगा लढाईत मेसोपोटेमियाला गेलेला, घरात सून मिल्का आणि सोन्या नावाचा बैल. सगळी कादंबरी एका दिवसाकडे चालत जाते. त्यांच्यात वर्षातून एकदा मोठा उपास असतो, त्याला ते दारफाळणीचा सण म्हणतात. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, दिवसभर प्रार्थना करायची आणि सूर्य मावळेपर्यंत बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही. नेमका त्या दिवशी सकाळी पोस्टमन तार घेऊन येतो. म्हातारा आतून सांगतो, आज दार उघडायचं नाही. पोस्टमन ओट्यावर तार ठेवतो, वर एक दगड ठेवतो आणि निघून जातो. लढाईच्या दिवसांत तार कशाची असते हे आत दोघांनाही माहीत आहे. दिवसभर मिल्का दाराच्या फटीतून त्या कागदाकडे बघते. एकदा शेजारची शेळी ओट्यावर चढते, तेव्हा मिल्काला वाटतं, हिने तार खाऊन टाकलीन तर बरं होईल.

"त्या दिवसभर ती सवाष्ण असते, तळेकर," मास्तर म्हणाले होते. "तेवढा एक दिवस म्हाताऱ्याला तिला द्यायचा असतो. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नाही."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पहिल्यांदा कादंबरी मुंबईच्या एका प्रकाशकाकडे गेली. मास्तरांनी हस्तलिखित मेणकापडात गुंडाळलं आणि त्याला तेलाच्या डब्याला मारतात तशी वडिलांनी शिकवलेली गाठ मारली. त्यानंतर बोटीने टपाल यायच्या दिवशी ते पोस्टाबाहेर उभे राहू लागले. आत जात नसत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आत गेलं की न आल्याचं कळतं. बाहेर असलं की येण्याची शक्यता असते."

पुष्कळ महिन्यांनी पुडकं परत आलं. मास्तरांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. गाठ त्यांचीच होती, जशी मारली होती तशी. आता हे चिडणार किंवा खचणार असं मला वाटलं. त्यांचा चेहरा मात्र उजळला. "न उघडताच परत केलंय," ते म्हणाले. "म्हणजे कादंबरी वाईट ठरलेली नाही."

पण त्याच आठवड्यात मुलांच्या वह्या तपासताना त्यांनी मधेच टाक खाली ठेवला आणि विचारलं, "तळेकर, खरं सांगा. वाईट असली तर मला कळेल का?" मी म्हटलं, मला तर आवडली. ते म्हणाले, "तुम्ही मित्र आहात. रिबका बायको आहे. धर्मा माडावर असतो. अनोळखी माणसाने सांगितल्याशिवाय कसं कळायचं?" छापून येण्याची त्यांची ओढ मला त्या दिवशी थोडी समजली. नावाची हौस त्यांना नव्हतीच असं नाही. पण त्याहून त्यांना हा निकाल हवा होता.

दुसऱ्यांदा पुडकं पुण्याला गेलं आणि तिथून पत्र आलं. कादंबरी वाचली, मन हेलावलं, समक्ष भेटावं. मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने पुण्याला गेलो. आगगाडीत मास्तर खिडकीशी बसून होते. टोपी मात्र सारखी काढून झटकत होते.

प्रकाशक सज्जन होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पंख्याने वारा घालायला गड्याला सांगितलं. "चौलकर, भाषा काय आहे तुमची! तो ओट्यावरचा कागद वाचताना माझ्या घरातली मंडळी रडली," ते म्हणाले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता; तो त्यांनी पुसलाही नाही.

"फक्त एक अडचण आहे," प्रकाशक म्हणाले. "वाचकाला प्रश्न पडतो, ही माणसं कोण? नावं आब्राजी, मिल्का, आणि बोलतात आपल्यासारखं मराठी."

"आम्ही बोलतोच मराठी," मास्तर म्हणाले.

"ते आता तुम्हाला पाहून मला कळलं. पण तुम्ही काय प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार आहात? कादंबरी वाचनालयात जाते, बायाबापड्या वाचतात. त्यांना माणसं आपली वाटायला हवीत. नावं बदला, सणवार बदला. बाकी एक ओळ हलवू नका. दिवाळीला काढू."

मास्तरांनी विचारलं, "आणि तशीच ठेवली तर?"

प्रकाशक म्हणाले, "तर मी छापून घरात ठेवीन. घरात ठेवायला मला परवडत नाही." ते खोटं बोलत नव्हते. मला त्यांचा राग आला नाही. मास्तरांनाही आला नसावा. परतीच्या वाटेवर तर तेच मला समजावू लागले. "नाव काय, तळेकर, नाव म्हणजे टोपी. बदलली तरी डोकं तेच."

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि मास्तर कामाला बसले. आब्राजीचा आबाजी झाला. "एका अक्षराचं काम," ते म्हणाले. मिल्काची मालती झाली. बैलाचं नाव तेवढं तसंच राहिलं. शनिवार आडवा आला तेव्हा ते छत्री घेऊन भर पावसात माझ्या खोलीवर आले.

"तळेकर, तुमच्यात शनिवारी काय करत नाहीत?"

"केस कापत नाहीत. तेल विकत आणत नाहीत."

"तेल आणत नाहीत?" ते उठून उभेच राहिले. "मग मारुतीला घालतात ते?"

"ते शुक्रवारीच आणून ठेवतात."

"बसलं! शनिवारी गिऱ्हाईक नाही, म्हणून आबाजीचा घाणा बंद!" आले तसे ते भिजत परत गेले.

दारफाळणीच्या सणाचं मात्र काही केल्या बसेना. दिवसभर दार लावून बसतील असा आमच्यातला सण त्यांना मिळेना. मी ग्रहण सुचवलं. ग्रहणात माणसं बाहेर पडत नाहीत, जेवत नाहीत. मास्तरांनी ते लिहून पाहिलं आणि दोन दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात मला गाठलं. "ग्रहण लवकर सुटतं हो. माझ्या म्हाताऱ्याला सबंध दिवस लागतो."

"खग्रास करा," मी म्हटलं.

"खग्रास केलं तरी सुटतं ते सुटतंच," मास्तर म्हणाले. पण त्यांनी तसं केलं. कादंबरी बदलून पुरी झाली.

पुण्याला पाठवण्याआधी ती घरी वाचायचं ठरलं. मलाही बोलावलं होतं. शुक्रवारचा दिवस होता, अजून ऊन होतं. रिबकाबाई संध्याकाळच्या दिव्याची काच राखेने घासत बसल्या होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मूळ कादंबरीतली प्रकरणंच्या प्रकरणं त्यांना पाठ होती. मास्तर एखादा शब्द चुकले तर त्या सुधारत. मास्तर ग्रहणाचं प्रकरण वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज चांगला लागला. मला तर ते पहिल्यासारखंच वाटत होतं.

रिबकाबाईंनी काच खाली ठेवली. "अहो, ही मालती कोण?"

"मिल्काच ती. नाव बदललंय."

"मिल्का का असेल? मिल्का सासऱ्याच्या शब्दासाठी बसली होती. ही ग्रहणाला भिऊन बसलीय."

मास्तर म्हणाले, "अगं, छापायचं म्हणजे…"

"छापा की," त्या म्हणाल्या. "मी कुठे नको म्हणते? चांगली आहे बिचारी मालती. फक्त मिल्का कुठे गेली तेवढं मला सांगा."

बोलण्यात राग नव्हता. शेजारणीची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं आणि पुन्हा काच पुसायला घेतली. मास्तर पानं हातात धरून बसून राहिले. ऊन ओट्यावरून उतरलं, तसा रिबकाबाईंनी दिवा लावला. त्यांचा वार संध्याकाळी बदलतो; शनिवार सुरू झाला. आता काम करायचं नाही, लिहायचं नाही. मी उठलो. मास्तर मला पोचवायला फाटकापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "दिवाळीला पुस्तक आलं असतं, तळेकर."

'असतं' या शब्दावरून मी काय ते समजलो.

त्यांनी पुण्याला मूळ प्रत पाठवली. सोबत पत्र लिहिलं, की छापायची तर अशी, नाहीतर कृपया परत करावी. प्रकाशकांनी परत केली. उत्तरात लिहिलं होतं, की निर्णय योग्य असेलही, पण आपला नाइलाज आहे. ते उत्तर मास्तरांनी मला दाखवलं आणि विचारलं, "माझं चुकलं का?" असं त्यांनी पुढच्या काही वर्षांत मला अनेकदा विचारलं. कधी आपणच उत्तर देत, कधी हो, कधी नाही. एकदा तर बदललेली प्रत पुन्हा मेणकापडात गुंडाळलेली मी पाहिली. ती गेली मात्र नाही.

मुंबईत त्यांच्या समाजाचं एक लहानसं मासिक निघत असे. त्याच्या संपादकांनी कादंबरी क्रमशः छापायची तयारी दाखवली. आता हे हो म्हणतील अशी माझी खात्री होती. मास्तरांनी महिनाभर उत्तर दिलं नाही, आणि दिलं ते नकाराचं. मी म्हटलं, "मास्तर, हा हट्ट झाला." ते म्हणाले, "असेल. पण आमच्यांना दार का लावलं ते सांगावं लागत नाही. ज्यांना सांगायचंय, त्यांच्या हाती तो अंक पडायचा नाही. मला तुम्हाला सांगायचंय, तळेकर." मग थोडं थांबून, "तुम्ही म्हणजे तुमच्यासारखे बरेच."

तिसाचं दशक लागलं. मास्तरांच्या निवृत्तीच्या वर्षी वाचनालयाने त्यांचा सत्कार ठरवला. एका रविवारी दुपारी गावातली बरीच मंडळी जमली. हार झाला, भाषणं झाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, मास्तरांनी आपल्या कादंबरीतलं थोडं वाचावं. मला वाटतं त्यांनी ते रीत म्हणून सुचवलं होतं. मास्तरांनी मात्र कोटाच्या आतून पानं काढली. म्हणजे ते तयारीने आले होते.

त्यांनी दारफाळणीचं प्रकरण वाचलं. तेच मूळचं, आब्राजी आणि मिल्काचं. सुरुवातीला माणसं चुळबुळत होती. तार ओट्यावर आली तशी चुळबुळ थांबली. शेळी ओट्यावर चढली तेव्हा पुढे बसलेल्या देवळातल्या गुरवाच्या तोंडून "हाड!" असं निघून गेलं. कोणी हसलं नाही. मास्तरांनी शेवटचं वाक्य वाचलं: सूर्य मावळला आणि म्हातारा कडीकडे बघत राहिला. त्यांनी पानं मिटली.

टाळ्या पडल्या नाहीत. मागे दाराशी बायका उभ्या होत्या, त्यातून चांगुणा म्हणाली, "मंग दार कोनी उघडलं?"

"ते पुढच्या प्रकरणात आहे," मास्तर म्हणाले.

"तं वाचा की! अशी कशी ठेवताव तिला?"

"वाचा, वाचा," अध्यक्षही म्हणाले.

मास्तरांनी सभेकडे पाहिलं. पुढची पानं त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. दार मिल्काच उघडते. सासऱ्याचा हात कडीपर्यंत पोचण्याआधी ती उठते, बाहेर जाते, दगड बाजूला करते, आणि तार न वाचता सासऱ्याच्या हातात देते; कारण तिला वाचता येत नसतं. ही माणसं कोण, असं त्या दुपारी एकानेही विचारलं नाही.

घरी जाताना ते म्हणाले, "निकाल लागला, तळेकर." मग दहा पावलं चालून, "पण हे सगळे ओळखीचेच होते, नाही का?"

पुढच्याच हिवाळ्यात ते मुंबईला मुलाकडे राहायला गेले. मुलगा तिथे रेल्वेच्या कारखान्यात होता. "मुंबईत छापखाने पुष्कळ," मास्तर म्हणाले. "एखाद्याला तरी पटेल." माझी बदली पेणला झाली, पत्रं आधी विरळ झाली, मग थांबली. ती कादंबरी छापून आली की नाही, मला ठाऊक नाही. वाचनालयांतून मी विचारत असतो. माझ्या तरी हाती लागलेली नाही.

ते मुंबईला निघाले त्या दिवशी मी बंदरावर होतो. बोट खाडीत लांब उभी होती आणि माणसं होडीतून बोटीवर जात होती. रिबकाबाई होडीत बोचक्यांवर लक्ष ठेवून बसल्या होत्या. मास्तर ट्रंकेवर बसले होते. त्यांच्या शेजारी कोणी परगावची बाई कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिने मास्तरांना काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही; कुठे निघालात, असंच काहीतरी असावं. मास्तर तिच्याकडे वळले आणि बोलू लागले. होडी सुटली. काठावर त्या बाईची माणसं हात हलवत होती, तिला हाका मारत होती. मास्तर बोलत होते, मधेच खर्जात, मधेच बारीक आवाजात, आणि ती बाई काठाकडे बघायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.